जुनी सक्युलंट-चित्रं भिंतीवर लावायची तर कोणती?

काटेरी

मंडळी, बैठकीच्या खोलीतली एक लांबलचक भिंत रिकामी आहे आणि तिथे जुनी वनस्पतीचित्रं लावायचं डोक्यात आहे. गुलाब, ट्यूलिप, लिली नकोत, ती सगळीकडे असतात. मला सक्युलंट (पाणी साठवणारी गरदार झाडं: कोरफड, निवडुंग वगैरे) हवेत, तेही फुललेले आणि जरा विचित्र. स्टॅपेलियाची केसाळ फुलं, रात्री उमलणारे निवडुंग, असलं काहीतरी.

नेटवर शोधलं की 'व्हिंटेज बोटॅनिकल' म्हणून ढिगाने प्रिंट समोर येतात. निम्मे तर एकाच हातचे वाटतात: पिवळट कागद, मधोमध झाड, खाली तिरप्या अक्षरात लॅटिन नाव. खरं जुनं कुठलं आणि काल संध्याकाळी बनवलेलं कुठलं, काही कळेना. जाणकारांनी प्रकाश टाकावा. कोणाची चित्रं बघू, किती मोठी छापू, फ्रेमचं काय?

मेघमल्हार

एवढा विचार कशाला? दिसायला छान, सोफ्याच्या रंगाला जुळणारं काहीही घ्या. भिंतीवर लावायचंय, परीक्षेला नाही बसायचं. :-)

रेघोट्या

मेघमल्हार, सोफा बदलला की चित्रंही बदलणार का मग?

काटेरी, ही चित्रं मुळात काढली कशासाठी ते आधी बघा, निवड आपोआप सोपी होईल. बाकीच्या झाडांचा नमुना दाबून, वाळवून कागदावर चिकटवता येतो. निवडुंग नाहीतर कोरफड तशी दाबून बघा. एक तर सडेल, नाहीतर वाळायचं नाव घेणार नाही, आणि वाळलीच तर आकारही जातो आणि रंगही. रिचर्ड ब्रॅडली या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने १७१६ ते १७२७ या काळात सक्युलंट्सवर पाच भागांत पुस्तक काढलं, दर भागात दहा चित्रं. त्याच्या लांबलचक शीर्षकातच लिहून ठेवलंय की ही झाडं वाळवून संग्रहात ठेवता येण्यासारखी नाहीत. थोडक्यात, इथे चित्र हाच नमुना. काटा नेमका कुठून निघतो, फूल खोडाच्या कुठल्या भागावर येतं, पानाच्या कडेला दात किती, हे चित्रकाराने चुकवलं तर पडताळून बघायला दुसरं काही हाताशी नसायचं. त्यामुळे सजावटीसाठी काढलेल्या फुलांच्या गुच्छांपेक्षा या चित्रांना एक वेगळाच कस असतो. भिंतीवर टांगल्यावर तो जाणवतो.

सुरुवात रेदूतेपासून करा. पिएर-जोसेफ रेदूते (१७५९–१८४०) गुलाबांमुळे सगळ्यांना ठाऊक असतो. पण गुलाबांच्या कितीतरी आधी, १७९९ च्या सुमाराला, त्याने सक्युलंट्सचा मोठा संच सुरू केला होता. मजकूर ऑग्युस्तँ पिराम द कांदोल या तरुण वनस्पतीशास्त्रज्ञाचा, तेव्हा जेमतेम विशीतला. संच हप्त्याहप्त्याने निघत, मध्येच रखडत थेट १८३७ पर्यंत चालला. दीडशेहून जास्त चित्रं आहेत. माझ्या मते रेदूतेचं सर्वांत चांगलं काम हेच, गुलाब त्यानंतर. (गुलाबवाल्यांनी मारायला येऊ नये.)

खटपट्या

वाचनखूण साठवली आहे. रेघोट्या, त्या छपाईबद्दल जरा सविस्तर लिहा ना. रेदूतेची चित्रं छापील आहेत की हाताने रंगवलेली, मला कायम घोळ होतो.

रेघोट्या

दोन्ही. तांब्याच्या पत्र्यावर रेघा न ओढता बारीक बारीक ठिपके कोरायचे. मग त्याच एका पत्र्यावर वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या रंगाची शाई कापडाच्या बोळ्याने भरायची आणि एकाच दाबात सगळे रंग कागदावर उतरवायचे. दर प्रतीसाठी पत्रा नव्याने रंगवायचा! शेवटी पाणरंगांच्या कुंचल्याने हातसफाई.

सक्युलंटसाठी हे तंत्र अगदी नेमकं बसतं. कोरफडीच्या पानाला कडेची काळी रेघ नसते. जाड गर, त्यावर मेणचट पांढुरकी झाक, आणि उजेडातून सावलीकडे जाणारा हिरवा. रेघांच्या कोरीवकामात ते पान पत्र्याचं वाटतं. ठिपक्यांत ते फुगीर दिसतं, बोटाने दाबून बघावंसं वाटतं. भिंगाखाली धरा, म्हणजे सावलीत दाट आणि उजेडात विरळ होत गेलेले ठिपके दिसतील. ते हिरव्यातून हळूच तपकिरी होतात आणि मध्ये कुठेच सीमारेषा सापडत नाही.

अळूवडी

धागाकर्त्यांनी स्टॅपेलिया म्हटलंय म्हणून राहवलं नाही. फ्रान्सिस मॅसन बघा! लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाने बाहेर पाठवलेला पहिला झाडं-शोधक. निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सने त्याला १७७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केपला धाडलं. पुढे तो दुसऱ्यांदा तिथे गेला आणि बरीच वर्षं राहिला. 'स्टॅपेली नोव्ही' हे त्याचं पुस्तक १७९६-९७ चं, त्यात चाळीसेक चित्रं, सगळी स्टॅपेलियाची.

या चित्रांत मला काय आवडतं, तर संकोच नाही. जमिनीलगतच्या चौकोनी, दातेरी, बिनपानांच्या खोडांतून एक भलंमोठं फूल बाहेर पडलेलं. पाच टोकं, मातकट पिवळ्यावर गडद तांबूस आडव्या सुरकुत्या, कडेने केसांची झालर, आणि मधोमध मांसल कंकण. ज्याला वास माहीत आहे त्याला चित्र बघूनही नाक मुरडावंसं वाटेल. सडक्या मांसाचा वास येतो या फुलांना, त्याने माश्या येतात, काही तर फसून फुलावरच अंडी घालून जातात. बिचारी पिल्लं उपाशी मरतात, झाडाचं परागीभवन मात्र होऊन जातं.

मेघमल्हार

आणि हे तुम्ही बैठकीत लावणार?? पाहुण्यांना कळलं तर दिवाणखाना रिकामा.

अळूवडी

चित्राला वास नसतो हो. बघायला येणाऱ्याला आधी चित्र बघू द्यायचं, मग सांगायचं. चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि स्टॅपेलिया त्या काळात भलतीच लाडकी होती बरं का. विल्यम कर्टिसने १७८७ मध्ये 'बोटॅनिकल मॅगझीन' काढलं, त्याच्या पहिल्याच खंडात ठिपक्यांची स्टॅपेलिया आहे. आता तिला ऑर्बिया म्हणतात. व्हिएन्नाच्या जॅकविन या वनस्पतीशास्त्रज्ञाने तर तिथल्या बागांमधल्या स्टॅपेलियांवर अख्खा ग्रंथ काढला, १८०६ पासून पुढे.

उंबरठा

अवांतर: भारतात काम केलेला स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याच्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात (पहिला खंड १७९५) स्टॅपेलियाच्या कुळातलं एक झाड आहे. त्याने नाव दिलं होतं 'स्टॅपेलिया अ‍ॅडसेंडेन्स', आता ते कॅरलुमा. चित्रं भारतीय चित्रकारांनी काढलेली, पण चित्राखाली त्यांची नावं नाहीत. रॉक्सबर्गचं नाव सगळ्यांना पाठ, हात कोणाचा ते कोणी विचारत नाही. भिंतीवर लावलंच तर निदान पाटीवर 'चित्रकार: अनामिक भारतीय' एवढं तरी लिहा.

काटेरी

उंबरठा, हे फार आवडलं. पाटी नक्की.

मॅसन बघून आले. भयंकर सुंदर आहे, दोन्ही शब्द खरे. घरातल्यांचा विरोध होणार हे दिसतंच आहे, त्यामुळे जोडीला एक जरा सोज्वळ हवं. रात्री फुलणाऱ्यांपैकी कोणी सुचवेल का?

निशिगंध

हा माझा प्रांत. :-)

सेलेनिसेरियस ग्रँडिफ्लोरस, 'रातराणी निवडुंग' म्हणा हवं तर. कॅरिबियन बेटं आणि मेक्सिकोकडचा. वेलीसारखं काटेरी खोड, त्यावर वीतभराहून मोठं फूल, आतून पांढरं, बाहेर सोनेरी-तपकिरी किरणं. एकाच रात्रीचा खेळ, सकाळी मान टाकतं. आपण ज्याला घरोघर ब्रह्मकमळ म्हणतो तो एपिफायलम याच गोतावळ्यातला.

याची दोन जुनी चित्रं जवळजवळ ठेवून बघावीत. पहिलं गेऑर्ग डिओनिसियस एहरेट या जर्मन चित्रकाराचं. ट्रेव्ह नावाच्या जर्मन वैद्याने १७५० पासून 'प्लांती सिलेक्टी' हा संच काढला, त्यातलं. मोकळा पांढरा कागद, फूल पूर्ण उमललेलं, पुंकेसरांचा झुपका एकेक मोजता येईल असा.

दुसरं रॉबर्ट थॉर्नटनच्या 'टेंपल ऑफ फ्लोरा'मधलं, १८०० सालचं. फूल काढलं फिलिप राइनागलने, मागचं चांदणं एब्राहम पेदरने. मागे काळोखी झाडी, ढगाआडून चंद्र, आणि एका मनोऱ्यावरच्या घड्याळात बारा वाजून गेलेले. फूल मध्यरात्री फुलतं हे सांगायला घड्याळ! वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने सगळा आनंदीआनंद आहे: कॅरिबियन जंगलातलं झाड आणि मागे इंग्रजी मनोरा. पण नाटक असं आहे की नजर हटत नाही. थॉर्नटनचं मात्र या पुस्तकाने दिवाळं काढलं. सरकारची परवानगी काढून चित्रांची सोडत केली तरी सावरला नाही.

मला निवडायला सांगाल तर एहरेट. थॉर्नटन पहिल्या दिवशी थक्क करतो, एहरेट रोज बघता येतो.

रेघोट्या

+१. थॉर्नटन एकटाच लावायचा असतो. शेजारी दुसरं काही लावलं तर ते मरतं.

निशिगंध, मार्गारेट मी राहिली की. जुन्यात मोडत नाही, पण रात्रीच्या फुलाचा विषय निघाला आणि तिचं नाव नाही असं कसं. ब्राझीलमध्ये अनेक दशकं राहून अ‍ॅमेझॉनच्या फेऱ्या करणारी ब्रिटिश चित्रकर्ती. पुरात बुडणाऱ्या झाडांच्या बुंध्याला सपाट चिकटून वाढणारा तो 'चंद्रफूल' निवडुंग फुललेला बघायची तिची फार वर्षांची इच्छा होती. १९८८ च्या मे महिन्यात, वयाच्या एकोणऐंशीच्या उंबरठ्यावर, ती रियो नेग्रोवर होडीत बसून रात्री फूल उमलताना रेखाटत होती. त्याच वर्षअखेरीस इंग्लंडमध्ये मोटार-अपघातात गेली. तिची चित्रं अजून कॉपीराइटमध्ये आहेत, त्यामुळे स्कॅन उतरवून छापू नका, अधिकृत प्रिंट घ्या.

खटपट्या

कॉपीराइटवरून आठवलं. मेरी एमिली ईटनची निवडुंगचित्रं माझी फार लाडकी. ब्रिटन आणि रोझ या दोन अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञांचा 'द कॅक्टेसी' हा चार खंडांचा ग्रंथ १९१९ ते १९२३ दरम्यान निघाला, त्यातली रंगीत चित्रं बहुतांशी तिचीच. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये ती नोकरीला होती. एका पानावर चार-पाच जाती, एखादीचं नुसतं फूल, एखादीचं फळ, एखादीचा काट्यांचा झुबका. फ्रेममध्ये फार देखणं दिसतं. प्रश्न एवढाच की ती वारली १९६१ मध्ये. जिथे कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट धरतात तिथे २०३१ संपेपर्यंत थांबावं लागेल ना? अमेरिकेत मात्र छापल्याच्या सालामुळे ती केव्हाच मोकळी झाली आहेत.

रेघोट्या

बरोबर. घरच्या भिंतीसाठी कोणी दारात येणार नाही, पण छापून विकायचं असेल तर आपापल्या देशाचा नियम बघून घ्यावा. रेदूते, मॅसन, एहरेट यांच्या बाबतीत ही डोकेदुखीच नाही.

स्कॅनसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. मोठमोठ्या ग्रंथालयांनी मिळून चालवलेली, फुकट, आणि पुस्तक पानापानाने चाळता येतं. त्याचा मोठा फायदा असा की चित्र कुठल्या ग्रंथातलं, कुठल्या सालचं, शेजारच्या पानावर काय लिहिलंय, सगळं तिथल्या तिथे दिसतं. नुसत्या चित्रांच्या साइटवर हे काहीच कळत नाही.

मेघमल्हार

बरं, मला आता खरंच रस वाटायला लागलाय, पण जाहीर कबूल करणार नाही. एक सांगा, ते 'काल संध्याकाळी बनवलेलं' कसं ओळखायचं? मला तर सगळीच सारखी दिसतात.

अळूवडी

पाकळ्या मोजा!

खरंच सांगते. स्टॅपेलियाला पाच. एचेव्हेरियाला पाच, कलांचोला चार (आपली पानफुटी त्यातलीच). कोरफडीचं फूल म्हणजे दांड्याला लोंबणाऱ्या नळ्या, टोकाला सहा भाग. मेसेम्ब्रँथेममच्या कुळात मात्र दोऱ्यासारख्या असंख्य पाकळ्या. एआयने बनवलेल्या चित्रात एचेव्हेरियाच्या पानांच्या गुलाबातून थेट कमळ उगवलेलं असतं. एचेव्हेरियाचा फुलोरा पानांच्या बगलेतून लांब दांड्यावर येतो, मधोमध बसत नाही.

मग काटे बघा. निवडुंगाचे काटे ठरावीक गादीतून झुबक्याने निघतात आणि फूलही त्या गादीशीच येतं. (काहींत थोडा फरक असतो, पण खोडावर वाट्टेल तिथे काटे नसतातच.) आफ्रिकेतल्या युफॉर्बियाला, आपल्या शेराच्या भावंडांना, काटे बहुतेक जोडीने असतात आणि फुलं अगदी बारकी. युफॉर्बियाच्या खोडावर निवडुंगाचं झगमगीत फूल दिसलं की समजायचं, हे झाड कुठेच उगवत नाही.

रेघोट्या

जबरदस्त. यात लिथॉप्सची, म्हणजे हुबेहूब गोट्यांसारख्या दिसणाऱ्या झाडांची भर घालतो. बर्चेल या इंग्रज प्रवाशाने १८११ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दगड समजून काहीतरी उचललं आणि ते झाड निघालं. पण 'लिथॉप्स' हे नाव एन. ई. ब्राऊनने दिलं ते १९२२ मध्ये. तेव्हा '१७९९' लिहिलेल्या प्रिंटवर खाली सुबक अक्षरांत लिथॉप्स असेल तर हसून पुढे जा. जुन्या चित्रांत हा सगळा गोतावळा बहुतेक मेसेम्ब्रँथेमम याच नावाखाली सापडेल, आणि निवडुंग असेल तर बहुधा 'कॅक्टस' नाहीतर 'सिरियस'. नाव जुनाट असणं ही उलट चांगली खूण.

याच कुळासाठी प्रिन्स साल्म-डायक बघायला विसरू नका. जर्मन सरदार, स्वतःचा प्रचंड सक्युलंट संग्रह, रेदूतेकडे चित्रकला शिकलेला. कोरफडी आणि मेसेम्ब्रँथेममवरचा त्याचा ग्रंथ १८३६ ते १८६३ निघत राहिला, चित्रं बरीचशी त्याच्याच हातची, शिळाछापावर. रेदूतेची जादू त्यात नाही, पण एक कोरडा, शांत नेमकेपणा आहे. चार-सहा एका ओळीत लावायची असतील तर मी हीच घेईन.

उंबरठा

एक विनंती सगळ्यांनाच. चित्र कापू नका. विकणारे लोक फूल मोठं दिसावं म्हणून खालचा भाग छाटून टाकतात. तिथेच तर उभं चिरलेलं फूल, एकटा पुंकेसर, बीजकोशाचा आडवा छेद, हे बारके तपशील असतात. कोपऱ्यात चित्रकार आणि कोरणाऱ्याचं नाव असतं. ते गेलं की राहतं ते कॅलेंडर.

दुसरं, अस्सल जुनं पान विकत घेताना ते कुठून आलं ते विचारा. कित्येक पानं जुनी पुस्तकं फोडून सुटी विकलेली असतात. माझं मत स्पष्ट आहे: स्कॅन छापा, पुस्तकं शाबूत राहू द्या.

खटपट्या

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत नाही. फुटलेली पानं आता फुटलेलीच आहेत, कोणीतरी जपलीच पाहिजेत. पण मागणीमुळे नवी पुस्तकं फुटतात हेही खरं. असो, वेगळ्या धाग्याचा विषय.

कोणाला अस्सल घ्यायचंच असेल तर भिंग न्या. आताच्या छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, ती दिसली की संपलं. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असेल तर चित्राभोवती दाबाची चौकट उमटलेली असते, बोटाला लागते. मात्र कडा छाटल्या असतील तर ती दिसणार नाही, आणि शिळाछापाला ती नसतेच, तेव्हा तेवढ्यावरून निकाल देऊ नका. हाताने रंगवलेलं असेल तर कुठे ना कुठे रंग रेघेबाहेर गेलेला सापडतो. पांढऱ्या फुलावर राखाडी-काळे डाग दिसले तर दर वेळी ती घाण नसते. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळा पडतो. पुसायला जाऊ नका.

काटेरी

दंडवत सगळ्यांना. धागा माझ्या कुवतीबाहेर गेला, पण निर्णय झाला. मधोमध एहरेटचं रात्रीचं फूल, एका बाजूला मॅसनची स्टॅपेलिया, दुसऱ्या बाजूला रेदूतेची कोरफड. रॉक्सबर्गवालं माझ्या खोलीत, पाटीसकट. सगळे स्कॅन छापून. आता फ्रेमवाल्याला काय सांगू? भिंत खिडकीच्या समोर आहे, दुपारी ऊन येतं.

खटपट्या

ऊन थेट येत असेल तर पडदा, नाहीतर भिंत बदला. यूव्ही अडवणारी काच लावली तरी दिसणारा उजेडही रंग उडवतोच, फक्त सावकाश. संग्रहालयांत कागदावरची कामं ५० लक्सच्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी अंधुक उजेडात ठेवतात ते उगाच नाही. तुमची नवी छपाई आहे, उडाली तर पुन्हा छापता येईल, म्हणून एवढं घाबरायचं कारण नाही. शाई पिगमेंटची मागा, कागद सुती.

माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आम्लरहित हवा. साध्या माउंटची कड काही वर्षांनी कागदावर तपकिरी पट्टा उमटवते. कागद काचेला टेकू द्यायचा नाही, मध्ये माउंटची जाडी राहिली पाहिजे, नाहीतर दमट हवेत चिकटतो. फ्रेमवाल्याच्या हातात सेलोटेप दिसलाच तर हात धरा. अस्सल पान असतं तर जपानी टिश्यूचे तुकडे आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तेही फक्त वरच्या कडेला, म्हणजे पुढेमागे पाण्याने सोडवता येतं.

निशिगंध

आणि तिन्हींचे कागद वेगवेगळ्या पिवळेपणाचे असतील. स्कॅनमध्ये सगळे पांढरेशुभ्र करायचा मोह होईल, तो आवरा. फिकट पांढऱ्या फुलाला उठाव त्या जुन्या कागदाच्या रंगानेच येतो. फार तर तिघांना एकाच रंगाचा माउंट द्या.

काटेरी

ठीक. आकाराचं तेवढं सांगा. एहरेट मला जमेल तेवढा मोठा हवाय. मला मिळालेला स्कॅन रुंदीला २८०० पिक्सेल आहे.

रेघोट्या

इंचाला ३०० धरा, म्हणजे नऊ इंचांच्या जरा वर. लांबून बघायचं असेल तर २०० ने चौदा इंच निघतील, पण मग पुंकेसर मोजायला जवळ जाऊ नका. त्याहून मोठं हवं तर स्कॅन ताणू नका, त्याच ग्रंथाची दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली प्रत शोधा. बऱ्याचदा एकाच चित्राचे दोन-तीन स्कॅन असतात आणि एखादा चांगला मोठा निघतो.